मोटर ग्लायडरचा चौथा हिस्सा घेऊ का?

प्रश्न: काका नमस्कार. मी मूळचा हडपसरचा, घरावरून ग्लायडर जायचे ते बघतच मोठा झालो. सध्या स्टुटगार्टजवळ नोकरी, आल्बच्या डोंगरावरच्या एका क्लबात ग्लायडिंगचं लायसन्स काढलं, टीएमजीचं (टूरिंग मोटर ग्लायडर, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर उडणारं ग्लायडर) पण जोडून घेतलं. क्लबातले तिघं मिळून एक मोटर ग्लायडर सांभाळतात, श्यायबे एसएफ २५ सी फाल्के, १९७८ चं, लिंबाख १७०० इंजिन. तिघातले दोघं सत्तरीच्या पुढे गेले म्हणून चौथा पार्टनर शोधतायत. हिस्सा ४५०० युरो. हँगर, इन्शुरन्स, वार्षिक तपासणी धरून वर्षाचा खर्च ३६०० सांगतात म्हणजे माझे ९००. विमान गेली काही वर्षं जेमतेम वीस तास उडतंय वर्षाला, झीज काहीच नाही, मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटतंय. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, रिपेअर सगळं स्वतःच करीन. बायको म्हणते डोकं फिरलंय तुझं. आणि उद्या पुण्याला परत यायचं झालं तर हे बरोबर आणता येईल का? – आल्बवरचा हडपसरकर

उत्तर: अरे हडपसरकर, आधी सरळ उत्तर देतो, नंतर हवा तेवढा डोकं खातो. घे. पण ह्या महिन्यात घेऊ नको, आणि ज्या कारणासाठी तुला ती लॉटरी वाटतेय नेमक्या त्याच कारणासाठी घेऊ नको. वर्षाला वीस तास उडालंय म्हणजे झीज नाही, हे गाडीच्या जाहिरातीतलं गणित आहे, विमानाला ते उलटं लागू होतं. पावसाळाभर बिल्डिंगखाली ताडपत्री टाकून ठेवलेली चेतक गणपतीत बाहेर काढल्यावर काय करायची आठव, तसंच हे, फक्त विमानाखाली रस्ता नसतो.

लिंबाख म्हणजे मुळात फोक्सवागनच्या बीटलच्या खानदानातलं इंजिन, एअर कूल्ड, चार सिलिंडर, साठ-पासष्ट हॉर्सपॉवर. साधं आणि दणकट. पण बंद पडून राहिलं की आतलं ऑइल हळूहळू खाली उतरतं, वरचं धातू उघडं पडतं, कॅमशाफ्ट आणि सिलिंडरच्या भिंतींवर गंज धरायला लागतो, आणि तो गंज पुढे ऑइलमधून बेअरिंगपर्यंत फिरतो. त्यातून लोक काय करतात, तर "इंजिन जिवंत राहावं" म्हणून थंडीत दर पंधरा दिवसांनी हँगरच्या दारात दहा मिनिटं चालू करून ठेवतात, हे तर अजूनच वाईट, कारण जळताना तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये जातं आणि ते उडून जाण्याइतकं ऑइल तेवढ्यात गरमच होत नाही. तेव्हा लॉगबुक घेऊन बस आणि वर्षाला किती तास हे बघू नको, दोन उड्डाणांमध्ये किती दिवसांची गॅप आहे ते बघ. वीस तास दर दोन आठवड्यांना थोडे थोडे उडालेले असतील तर ठीक. मे-जूनमध्ये सगळे वीस उडवून मग पुढच्या एप्रिलपर्यंत कुलूप असेल तर बोरोस्कोप आत गेल्याशिवाय पैशाचं बोलणं काढू नको.

बोरोस्कोप म्हणजे प्लग काढून त्या भोकातून कॅमेरा घालायचा आणि सिलिंडरच्या भिंती, व्हॉल्व्ह बघायचे, तुमच्या क्लबच्या वर्कशॉपमध्ये नक्की असेल एखादा. त्याच्या आधी मात्र इंजिन पूर्ण थंड असताना कसं चालू होतं ते बघ, मग कोणाबरोबर तरी तासभर उडून ये, आणि उतरल्यावर गरम इंजिनवर लीकेज टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती निसटते ते बघायचं) करून घे. हाच क्रम ठेव. ऑइल काढलं की ते बारीक कापडातून गाळून चुंबक फिरव. रबराच्या नळ्यांवर तारीख असते, इंधनाच्या आणि ऑइलच्या नळ्या जुन्या असतील तर त्या बदलायच्या हे गृहीत धरूनच बोल. ह्या इंजिनाला मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारं यंत्र, एकच आहे, दोन नाहीत, त्यामुळे त्याची शेवटची ओव्हरहॉल कधी झाली हा प्रश्न नुसता विचारून भागणार नाही, कागद बघायचा. आणि पेट्रोल कुठलं टाकतात ते विचार. जर्मनीत २०११ पासून पंपावर ई १० आलंय, इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही, तेव्हा कुठलं चालेल हे इंजिनचं मॅन्युअल सांगतं, पार्टनरचा अनुभव नाही.

पण खरं सांगू का, मला इंजिनाची एवढी काळजी नाही. इंजिन काढता येतं, पाठवता येतं, दुसरं बसवता येतं. माझा जीव अडकतो तो पंखात.

फाल्केचं डिझाइन एगॉन श्यायबेंचं, पहिलं उडालं १९६३ मध्ये, आणि बांधणी अगदी त्या काळच्या ग्लायडरसारखी, विमानाचं धड स्टीलच्या नळ्यांचं, वेल्डिंग केलेलं, पंख लाकडी, आणि सगळ्यावर कापड ताणून रंग. पंख १५ मीटरच्या थोडा वर. तू मेकॅनिकलवाला आहेस, धातू तुला कळतो, कुठे तडा जाईल ह्याचा अंदाज येतो. लाकूड कळायला वेळ लागतो आणि लाकडापेक्षाही ग्लू. १९७८ सालचे ते जोड आज पंचेचाळीस वर्षांच्या पुढे गेलेत, आणि ग्लूचं असं आहे की तो बाहेरून सांगत नाही. रंग चकचकीत, कापड ताठ, आणि आत रिबचा (पंखाच्या फासळीचा) जोड सुटून नुसता टेकलेला, असं असू शकतं.

म्हणून पहिला प्रश्न हा, कापड शेवटचं कधी उघडलं? नुसता रंग मारला तो नाही, कापड फाडून नवीन लावलं ते. कारण माणसाने पंखाचं आतलं पूर्ण बघितलंय ते शेवटचं त्याच दिवशी. त्या वेळचे फोटो असतील तर माग, जुन्या मंडळींकडे अल्बममध्ये असतात, फार व्यवस्थित माणसं आहेत ती. पंचवीस-तीस वर्षं उघडलंच नसेल तर पुढचं उघडणं तुझ्या पाळीत येणार हे धरून चाल, आणि ते एक अख्खा हिवाळा खातं, कधी दोन.

बघायला जाशील तेव्हा टॉर्च आणि एंडोस्कोप घेऊन जा. पंखाच्या खालच्या बाजूला पाणी निघायची बारीक भोकं असतात ती उघडी आहेत का बघ, रंगाने बुजवलेली सापडतात आणि मग पाणी मागच्या कडेला साठून बसतं. इन्स्पेक्शनच्या झाकणातून नाक घाल, हो अक्षरशः नाक, कुबट वास आला तर तो वास कुठून येतो ते सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. उंदरांची लेंडी शोध. हसू नको, हँगर शेताला लागून असतात, थंडीत उंदरं पंखात घर करतात, आणि त्यांचं मूत लाकूड, ग्लू आणि स्टील तिघांनाही खातं. पुढच्या कडेच्या प्लायवूडवर बोटाने टिचक्या मारत मुळापासून टोकापर्यंत जा, आवाज कुठे बद्द होतो ते कळतं, आणि उजेड तिरका पाडून प्लायवर सुरकुती दिसते का बघ. धडामध्ये सगळ्यात खालच्या नळ्या आणि शेपटीकडचा भाग, पाणी तिथेच उतरतं. पोटाखालच्या मुख्य चाकाच्या आजूबाजूचं वेल्डिंग नीट बघ, शिकाऊ मुलांनी किती धोपटलंय ते तिथे लिहिलेलं असतं, लॉगबुकात असो की नसो.

आता "रिपेअर सगळं स्वतःच करीन" ह्याच्याकडे येऊ. हे वाक्य क्लबात मोठ्याने बोलला नसशील अशी आशा आहे.

युरोपात २४ मार्च २०२० पासून छोट्या खासगी विमानांना पार्ट एमएल नावाचे नियम लागू झालेत आणि त्यात मालकाला बऱ्यापैकी मोकळीक आहे, हे खरं. मेंटेनन्सचा प्रोग्रॅम तुम्ही मालक स्वतः लिहून स्वतःच्या जबाबदारीवर डिक्लेअर करू शकता, आणि पायलट-ओनर म्हणून तुझं नाव त्यात घातलं की ऑइल बदलणं, प्लग काढून साफ करणं, चाकाचं टायर-ट्यूब, बॅटरी, ग्रीसिंग, कापडाला छोटं ठिगळ अशी कामं तू करून तूच सही करू शकतोस, तारीख, तास, लायसन्स नंबर घालून. पण लायसन्स चालू पाहिजे, आणि ते काम आपल्याला येतं का हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारायचं हेही त्या नियमातच आहे. कंट्रोलची केबल, पंखाची रचना, स्पारच्या (पंखाच्या मुख्य कण्याच्या) जवळ काहीही, ही कामं पायलट-ओनरच्या सहीने होत नाहीत. तिथे एल लायसन्सवाला, म्हणजे विमान दुरुस्तीचं लायसन्स असलेला माणूस लागतो. मात्र त्याच्या नजरेखाली हात तुझेच चालू शकतात. तू करायचं, त्याने मधेमधे येऊन बघायचं, शेवटी सही त्याची. क्लबातली निम्मी मंडळी अशीच शिकलीत आणि माझ्या मते शिकायचा ह्याहून चांगला रस्ता नाही, कॉलेजात चार वर्षांत जे झालं नसेल ते एका हिवाळ्यात होतं.

लाकडाची दुरुस्ती म्हणजे काय असते ह्याची चव देतो. प्लायला भोक पडलं तर वरून तुकडा चिकटवून चालत नाही. खराब भाग कापायचा, कड लांब तिरक्या उतारावर घासत न्यायची, नवीन तुकड्याला तसाच उलटा उतार, म्हणजे जोडाला चिकटायला मोठी जागा मिळते आणि ताकद एकदम तुटत नाही. ग्लू वजन करून मिसळायचा, वर्कशॉपचं टेम्परेचर लिहून ठेवायचं कारण थंडीत तो नीट पकडत नाही, दाब सारखा द्यायचा. आणि त्याच मिश्रणातून दोन लाकडाचे तुकडे बाजूला चिकटवून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी ते तोडायचे. लाकूड फाटलं तर जोड पास. ग्लूच्या रेषेवर सुटलं तर सगळं परत. इतकं करून वर कापड आणि रंग. आणि रंग एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीला) किंवा रडरला लावला असेल तर त्याचं वजन आणि बॅलन्स परत मोजायचा, कारण कंट्रोल मागच्या बाजूला जड झालं की वेगात फडफडायला लागतं, आणि फ्लटर हे काही सेकंदांत विमान मोडणारं प्रकरण आहे. थोडासाच तर रंग, असं म्हणणारा कोणी भेटला तर त्याने रंगवलेल्या विमानात बसू नको. मोठी दुरुस्ती झाली की अख्खं विमान परत काट्यावर, शेवटचा वजनाचा कागद किती सालचा आहे तेही बघून घे. रंगाच्या थरांवर थर चढत जातात, विमान गुपचूप जड होतं, आणि मग दोन जण आणि भरलेली टाकी एकत्र जमतच नाही असं कळतं.

पार्टचं म्हणशील तर बरं आहे. मूळची दाखाऊची कंपनी आता राहिली नाही पण फाल्केचं काम श्यायबे एअरक्राफ्ट नावाने हॉयबाखला चालू आहे, म्हणजे तुझ्यापासून गाडीने जवळच. हे विमान हजाराच्या वर बनलंय, क्लबाक्लबात आहे, माहितगार माणसं आहेत, हा फार मोठा प्लस पॉइंट. फक्त इंजिन बीटलच्या घराण्यातलं आहे म्हणून बीटलचा पार्ट ऑनलाइन मागवून बसवायचा मोह आवर, दिसायला सेम असला तरी कागद नसलेला पार्ट इंजिनात गेला की ते विमान कागदावर उडण्यालायक राहत नाही आणि इन्शुरन्सवाल्याला तेवढंच पाहिजे असतं.

पैशाचं. ९०० युरो हा आकडा खोटा नाहीये पण अर्धा आहे. हँगर, इन्शुरन्स, तपासणी धरली, पेट्रोल सोड, ते उडशील तसं, तासाला साधारण १२ ते १५ लिटर. पण इंजिनासाठी बाजूला काय टाकतात? प्रोपेलरसाठी? कापडासाठी? तू लिहिलेल्या हिशोबात ह्यातलं काहीच नाही, आणि वर्षाला वीस तास उडणाऱ्या ग्रुपकडे बहुतेक ते नसतंच कारण ज्याने त्याने वाटेल तेव्हा बघू म्हणून ठेवलेलं असतं. माझं मत, आत जायच्या आधी ठरवून घ्या की दर उड्डाणतासाला २५ युरो वेगळ्या खात्यात. चौघांनी मिळून वर्षाला साठ तास उडवलं तर १५०० जमतात, चार-पाच वर्षांत काहीतरी हातात येतं. आणि सध्याच्या खात्यात किती शिल्लक आहे ते विचार, कारण शून्य असेल तर ४५०० मध्ये तू इंजिनाचे उरलेले तास घेतोयस, दुसरं काही नाही. रेडिओ नवीन ८.३३ किलोहर्ट्झ चॅनेलचा आहे का, सीटबेल्टची मुदत कधी संपते, हेही लगेच विचार, ही छोटी बिलं पहिल्याच वर्षी येतात आणि नवीन पार्टनरला ती फार लागतात.

आता पार्टनर. तू त्या दोघांच्या वयाबद्दल एका ओळीत लिहून पुढे गेलास, माझ्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. त्यांच्यातल्या कोणाकडे एल लायसन्स आहे का? दरवर्षी तपासणी करून एआरसीची (विमान उडण्यालायक असल्याच्या सर्टिफिकेटची) सही कोण करतं, ग्रुपमधलाच की बाहेरचा? कारण ग्रुपमधला असेल तर आजवर तो ते काम मैत्रीखातर करत आला असणार, आणि ज्या वर्षी तो थांबेल त्या वर्षी ते ३६०० चे एकदम बरेच जास्त होतील. दुसरं म्हणजे ह्या विमानाबद्दलचं अर्धं ज्ञान कुठल्याच कागदावर नाही, ते त्या दोघांच्या डोक्यात आहे, कुठली झडप जरा अडकते, कुठल्या वर्षी उजवा पंख शेतात टेकला होता, कार्ब हीटची (कार्ब्युरेटर गरम ठेवायची) केबल अशी का वळवलीय. म्हणून म्हणतो ह्या महिन्यात पैसे देऊ नको. येत्या हिवाळ्याच्या मेंटेनन्सला त्यांच्याबरोबर उभा राहा, दर शनिवारी जा, पाना धर, झाडू मार, कॉफी कर. क्लबात हिवाळ्यात वर्कशॉपचे तास सगळ्यांना करावेच लागतात, ते ह्या विमानावर कर. झाकणं उघडली जातील तेव्हा तू तिथेच असशील, फुकटात सगळं दिसेल, आणि त्यांनाही कळेल की हा मुलगा फक्त उन्हाळ्यात येणारा आहे की काय. तोपर्यंत कोणी दुसरा चौथा हिस्सा घेऊन गेला तर जाऊदे. फाल्के परत मिळतं.

आणि लेखी करार, दोस्ती असली तरी. बाहेर पडायचं तर हिस्सा कोणाला आणि कुठल्या भावाने, कोणी गेला तर वारसाचं काय, मोठ्या खर्चाला तिघांचा होकार पुरे की चौघांचा, उतरताना एकाने मोडलं तर इन्शुरन्समधून न येणारी रक्कम कोणाची. आपल्याकडे हे विषय काढणं वाईट दिसतं, तिकडे नाही काढले तर वाईट दिसतं. हा करार झाला की बायकोला वाचायला दे, तिच्या "डोकं फिरलंय" ला माझ्या मते हेच एक उत्तर आहे, ती आकडे बघून बोलतेय आणि तू आकाश बघून.

रोटॅक्सवालं फाल्के किंवा प्लास्टिकचं ग्रोब १०९, डिमोना असं काही का नको, हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. चांगली विमानं आहेत. रोटॅक्सला दर पाच वर्षांनी रबराचे सगळे भाग बदलायचे असतात, फायबरच्या विमानाला जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) फुटायला लागला की घासून परत रंगवायचा खर्च डोळे पांढरे करतो. फुकटचं कुठलंच नाही. पहिल्या हिश्श्यासाठी शिकायला मिळेल असं आणि ज्याच्या भोवती माहितगार माणसं आहेत असं विमान बरं, ते तुला आयतं मिळतंय.

पुण्याला आणायचा विचार सोडून दे. इथे डीजीसीएकडे (आपलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) व्हीटी नंबर म्हणजे भारतातली नोंदणी, आयातीची परवानगी, कस्टम, आणि हे सगळं झालं असं धरलं तरी लाकडी पंखावर सही करणारा माणूस आणि कोरडा हँगर कुठून आणणार, आपला पावसाळा त्या ग्लूला दाखवायची काही गरज नाही. परत यायचं ठरलं तर हिस्सा विक आणि ये. घराजवळच्या हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर जाऊन उभा राहा, विंचने (दोरी ओढणाऱ्या यंत्राने) ग्लायडर वर चढवणाऱ्यांना वर्कशॉपमध्ये हात घातलेला माणूस नेहमीच हवा असतो.

बघायला जायच्या आदल्या दिवशी फोन करून सांग की मी आल्याशिवाय इंजिन चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाच्या कव्हरवर हात ठेव. गरम लागलं तर चहा-कॉफी घे, गप्पा मार, पंख बघून घे, आणि इंजिनासाठी दुसऱ्या दिवशी परत जा.